मरियमपूरच्या वाटेवर

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आम्ही ख्रिस्ती भाविक परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याजवळच्या मरियमपूरला पायी जातो. वाट साधारण ३० किलोमीटरची, शेवटी घाट. मेळघाटचं जंगल आहे, घाट अंधारात चढायचा नाही. पहिल्या दिवशी सपाटी, पायथ्याशी मुक्काम, चढण दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, ६व्या अध्यायात, येशू शिष्यांना धाडतो तेव्हा काठी आणि पायताण, एवढंच नेऊ देतो. भाकरी, झोळी, कमरेला पैसे, दुसरा अंगरखा, काही नाही. मार्चच्या उन्हात आम्हाला माणशी दोन लिटर पाणी, मीठ-साखर आणि भाकरी लागतेच. पण पिशवी तीन किलोंच्या वर जाऊ देत नाही. नवख्याची हमखास सहा किलोंची भरते. उपसली की ‘लागलंच तर’ म्हणून घेतलेल्या वस्तू निघतात. धनाचा लोभही भीतीच्याच वाटेनं आत येतो. लूकच्या १२व्या अध्यायात कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेला माणूस चोर नव्हता. त्याला पुढच्या वर्षांची खात्री हवी होती.

खरं अवघड काम निघण्याआधीचं. कापूस-तुरीचे पैसे याच सुमारास हाती असतात. दान काढण्याआधी देणं फेडायचं: वेचणीची मजुरी, पाडव्याला संपणारं सालदाराचं साल, आईवडिलांचं औषधपाणी. आईबापाचा वाटा ‘देवाला अर्पण’ म्हणून बाजूला काढणाऱ्यांना येशूनं चांगलंच सुनावलं आहे (मार्क ७). जक्कय या श्रीमंत जकातदारानं येशूसमोर अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. मग दानाचा आकडा ठरवायचा, पैसे त्याच दिवशी वेगळे काढायचे, कुणाजवळ बोलायचं नाही. ‘आल्यावर पाहू’ म्हटलं की आकडा घटतोच.

घाटात जपमाळ झाली की येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांचं तीन माणसांचं मनन घेतो. तिघांकडेही दहा हजार सोन्याची नाणी आहेत आणि तिघांनाही त्यांच्या ओढीतून सुटायचं आहे. पहिला मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसरा ओढ सोडतो म्हणतो, पण पैसा राहिलाच पाहिजे. देवानंच आपल्याकडे यावं असं त्याला वाटतं. तिसरा ठेवणं आणि सोडणं, दोन्हींना तयार असतो. नियमानं चर्चला जाणारी, वर्गणी देणारी माणसं बहुधा दुसऱ्यापाशी अडकतात. वर्गणी दिली की प्रश्न मिटला असं वाटतं, म्हणून. तिथं थांबून प्रत्येकानं एकच गोष्ट मनाशी नाव घेऊन पाहायची: जमिनीचा तुकडा, मुदत ठेव, सोनं. ती उद्या गेली तर प्रार्थना चालू राहील का?

वाटखर्च सगळ्यांचा एकत्र असतो, थैली एकाकडे. योहानाच्या १२व्या अध्यायात थैली येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याकडे होती आणि तो त्यातले पैसे चोरत असे, असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून थैली रोज दुसऱ्याच्या हाती जाते आणि संध्याकाळच्या प्रार्थनेआधी हिशेब सगळ्यांसमोर मोजला जातो. परतीचं एसटीचं भाडं त्यातच धरायचं.