बाबांचा आयएनआर आणि ती हिरवी कॅप्सूल

बाबांची हृदयाची झडप बदलून सहा वर्षं झाली, तेव्हापासून वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, चालू आहे. महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, करायचा आणि तो 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायचा (आकडा जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ), हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. दिवाळीनंतर त्यांच्या पायात रात्री गोळे यायला लागले, कुणीतरी व्हिटॅमिन ई सुचवलं आणि मी मेडिकलमधून 400 ची हिरवी कॅप्सूल आणली, रोज दोन. चिठ्ठी कोणी मागितली नाही आणि मलाही वाटलं व्हिटॅमिनच तर आहे.

तिसऱ्या आठवड्यात बाबा ब्रश करत होते तर बेसिनमधला फेस गुलाबी. मनगटाच्या वर जांभळा डाग, कुठे आपटलेलंही नाही. आयएनआर आला 5.2, माझे हातपायच गळाले.

डॉक्टरांनी विचारलं नवीन काय सुरू केलं, मी म्हटलं काहीच नाही, कारण व्हिटॅमिन माझ्या डोक्यात औषधात धरलेलंच नव्हतं. मग ते म्हणाले घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. टेबलावर पिशवी ओतली आणि त्यांनी आधी ती हिरवी स्ट्रिपच बाजूला काढली. म्हणाले, अहो शेंगदाण्याचं तेल खवट व्हायला उशीर लागतो कारण त्यात हेच टोकोफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन ई, असतं, आपल्या पेशींच्या आवरणातली चरबी पण ते असंच सांभाळतं, पण मोठ्या माणसाची रोजची गरज 15 मिलिग्रॅमच्या आसपास, तुम्ही देताय 800, आणि एवढ्या डोसला ते रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन के च्या कामात अडथळा आणतं, वॉरफरिनही तेच करतं.

कॅप्सूल बंद, वॉरफरिन त्यांनी सांगितलं तेवढेच दिवस थांबवलं, मनाने काही केलं नाही. हे चरबीत विरघळणारं व्हिटॅमिन, लघवीवाटे पटकन निघून जात नाही, त्यामुळे तीन दिवसांनी आणि मग दर आठवड्याला रक्त तपासलं. 4.1, मग 3.4, महिन्याभराने 2.9 आला तेव्हा कुठे मला नीट झोप लागली.

बदाम, शेंगदाणे बाबा आधीसारखेच खातात, त्याला डॉक्टरांची ना नाही. तुमच्या घरात कोणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर प्लीज व्हिटॅमिन ई डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू करू नका. आयएनआरच्या वहीत मी आता एक रकाना वाढवलाय, त्यात टॉनिक, चूर्ण, सगळं लिहिते, आणि वही दर वेळी डॉक्टरांपुढे उघडून ठेवते.