सहा मीटरची दोरी आणि पन्नासातली एक आजी

दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. राजेंद्रप्रसाद नेत्रकेंद्रानं २०१५ ते २०१९ दरम्यान ३१ जिल्ह्यांत अंधत्वाचं राष्ट्रीय सर्वेक्षण केलं. पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये अंधत्वाचं प्रमाण निघालं १.९९ टक्के, आणि त्यातल्या दोन तृतीयांश लोकांचं कारण होतं मोतीबिंदू. अशा पाहणीत एका गावातून साधारण ५० माणसं तपासतात. म्हणजे गावामागे सरासरी एकच अंध व्यक्ती सापडायची असते. तीन हजारांच्या पाहणीत साठ. त्यातल्या बारा जणी 'झोपल्यात, कशाला उठवता' म्हणून राहून गेल्या, तर जिल्ह्याचा आकडा एक पंचमांशानं खाली येतो आणि पुढच्या नियोजनात शस्त्रक्रियाही तेवढ्याच कमी धरल्या जातात.

अहवालाच्या पहिल्या पानावर प्रमुख संशोधक, सांख्यिकीतज्ज्ञ आणि निधी देणारी संस्था असते. ती एक आजी शोधणारी माणसं शेवटच्या पानावर 'आभार'मध्ये असतात, तीही बहुतेक वेळा नावाशिवाय.

गावात उतरणारं पथक चारेक जणांचं असतं: नेत्रतज्ज्ञ, नेत्रचिकित्सा अधिकारी, नोंदी घेणारा एक जण आणि गावातली आशाताई. एक पथक दिवसाला एक गाव उरकतं. दीड हजार वस्तीच्या गावात पन्नाशीपुढचे तीनेकशे लोक धरले, तर गावाचे सहा तुकडे पडतात. नकाशा काढायचा तो पिंपळाचा पार, शाळा, पाण्याची टाकी अशा खुणांवर. मग चिठ्ठी टाकून एक तुकडा निवडायचा आणि त्यातलं एकही घर न वगळता पन्नास माणसं पूर्ण करायची. पहिली चूक इथंच होते. गावातलं एखादं वजनदार माणूस म्हणतं, 'आधी चहा घ्या, मग आमच्याच आळीपासून सुरू करा.' चहा जरूर घ्यावा, आळी मात्र चिठ्ठीतलीच धरावी. रस्त्यालगतची आळी सोयीची असते. तिथली माणसं शिकलेली असतात, दवाखान्यात जाऊन आलेली असतात. नकाशात हमखास सुटतो तो गावाबाहेरचा तांडा किंवा मळ्यातली वस्ती, आणि सर्वात वाईट डोळे बहुधा तिथंच असतात.

घरात किती माणसं, असं विचारलं की कर्त्या माणसांची संख्या कळते. आशाताई विचारते, 'एका चुलीवर किती जण जेवता?' या प्रश्नाला मागच्या खोलीतली म्हातारी बाहेर येते. वयाचं कोडं वेगळंच. आधारकार्डावर निम्म्या गावाचा जन्म १ जानेवारीचा. तिथं 'बहात्तरच्या दुष्काळात कडेवर होतात की खडी फोडायला जात होतात?' हा प्रश्न कागदापेक्षा खरं बोलतो.

पाहणीचं वेळापत्रक शहरात बसून ठरवलं की घोळ होतो. बीडच्या गावात जानेवारीत गेलात तर निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली. आषाढीच्या आधी गेलात तर नेमकी पन्नाशीपुढची माणसं वारीत. नियम सांगतो की वर्षातले सहा महिने घरात राहणारा तो रहिवासी. ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा, म्हणजे नियमाच्या अगदी काठावर. माणूस घरी नसेल तर पुन्हा जायचं. तरीही भेटला नाही तर शेजाऱ्यांकडून माहिती घेऊन 'गैरहजर' लिहायचं, पण यादीतून नाव काढायचं नाही. किमान ९० टक्के हजेरी मिळावी असा प्रयत्न असतो. ते किती अवघड आहे याचा अंदाज नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटनं जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांसोबत केलेल्या मोठ्या अभ्यासातून येतो. नागपूर जिल्ह्यातल्या आठ गावांत तिशीपुढचे ५,८८५ लोक पात्र होते आणि प्रत्यक्ष तपासले गेले ४,७११. त्या अभ्यासात तपासण्या बऱ्याच सविस्तर होत्या. तरी सुटलेले ११७४ लोक कोण होते, हा प्रश्न मला आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता दोरी. दृष्टी तपासतात ती इंग्रजी 'ई' अक्षराच्या कार्डानं. एका बाजूला ६/६० चा ई, म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसेल तेवढा, उंची साधारण ८७ मिलिमीटर. दुसरीकडे ६/१८ चा, अठरा मीटरवरून दिसेल तेवढा, २६ मिलिमीटर. सहा मीटरच्या दोरीचं एक टोक तपासणाऱ्याकडे, दुसरं माणसाच्या डोळ्याशी. पायाशी नव्हे, कारण आजी हमखास पुढे झुकतात. नायलॉनची दोरी ओढून ओढून लांबते, सुती भिजली की आखडते, म्हणून रोज सकाळी टेपनं मोजून घ्यावी. दोरी अर्धा मीटर आखूड झाली तर काठावरचा माणूस 'चांगलं दिसतं'च्या रकान्यात जाऊन बसतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

ई चार दिशांना फिरवतात आणि माणसानं हातानं दिशा दाखवायची. लागोपाठ चार बरोबर किंवा पाचांत चार बरोबर आले तर उत्तीर्ण. नुसत्या अंदाजानं लागोपाठ चार बरोबर येण्याची शक्यता २५६ मध्ये एक. पाचांत किमान चारची ६४ मध्ये एक. तीनच वेळा दाखवून 'दिसतंय, दिसतंय' म्हणत पुढं सरकलं की हा हिशेबच मोडतो. दुपारी चारनंतर, चाळिसाव्या माणसाला, ही घाई होते. डोळा झाकायचा तो तळहातानं. बोटांनी झाकला की फटीतून दुसरा डोळा बघतो, आणि आजींना तर पास व्हायचंच असतं. कार्डावर उजेड हवा, पण माणसाच्या डोळ्यांवर ऊन नको.

६/१८ दिसलं नाही तर पिनहोल, म्हणजे बारीक भोकांची चकती. त्यातून नीट दिसलं तर बहुधा चष्म्याचा प्रश्न. नाही दिसलं तर घराच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन नेत्रतज्ज्ञ ऑप्थॅल्मोस्कोपनं, म्हणजे डोळ्याच्या आत बघायच्या उपकरणानं, हातभर अंतरावरून बघतो: बाहुलीतून लाल चकाकी येते, की मध्ये मोतीबिंदूची काळी सावली पडते, की डोळ्यातलं भिंगच नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर सुनेला सांगून ठेवावं लागतं की पुढचे काही तास आजींना उन्हात पाठवू नका, जिन्याजवळ हात धरा.

कारण लिहिताना जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा: अनेक कारणं असतील तर जे सर्वात सहज बरं करता येतं ते मुख्य. नियम कामाचा आहे, कारण शस्त्रक्रिया किती लागतील ते त्यातून कळतं. पण मोतीबिंदूच्या मागे दडलेला काचबिंदू त्यात झाकला जातो. अहवाल वाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

पथकं गावात सोडण्याआधी त्यांची आपसात परीक्षा होते. चाळीसेक रुग्ण सर्व पथकं वेगवेगळी तपासतात, एकमेकांशी न बोलता. जुळणी 'कप्पा' या मापात मोजतात, म्हणजे नुसत्या योगायोगानं होणारी जुळणी वगळून, आणि ०.६ च्या खाली चालत नाही. समजा, ४० पैकी प्रत्येकी चार जणांना दोन्ही पथकांनी मोतीबिंदू सांगितला, पण दोनच जण सामाईक निघाले. जुळणी ९० टक्के दिसते, कप्पा येतो ०.४४, म्हणजे नापास. बहुतेक डोळे निरोगी असले की नुसत्या योगायोगानंच ८२ टक्के जुळतं, म्हणून या परीक्षेला निम्मे तरी दोष असलेले डोळे आणून बसवावे लागतात. खरं तर हा दिवस सर्वात महत्त्वाचा, आणि बजेट कापताना कात्री पहिली इथंच लागते.

पन्नास माणसं पूर्ण होता होता कुणीतरी दुसऱ्या आळीतून आईचा हात धरून येतं: 'हिला काही दिसत नाही हो, हिलाही बघा.' तिला बघायचं, जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी द्यायची, आशाताईला फोन नंबर लिहून घ्यायला सांगायचं. नोंदवहीत मात्र लिहायचं नाही, कारण तिची आळी चिठ्ठीत निघालेली नाही. नोंद घेणाऱ्या पोराला हे पहिल्या दिवशी पटत नाही. मग नेत्रचिकित्सा अधिकारी त्याच्या हातातली वही मिटवून बाजूला ठेवतो आणि टॉर्च घेऊन आजींसमोर बसतो.