बुडबुड्यावर विश्वास कधी ठेवायचा

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या खाजनातला, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीतला, चिखल घेतला. बांधाच्या आत भातशेती, बाहेर कांदळवन, मधे मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांतून भरती-ओहोटीचं पाणी ये-जा करतं. शेतातल्या खताचं जे नायट्रेट पिकाला लागत नाही, त्याचं पुढे काय होतं, हे मला पाहायचं होतं. खाजनाला पडीक जमीन म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, तेही एक कारण होतंच.

वरचा पातळ थर करडा, खाली काळा, सडक्या अंड्यांच्या वासाचा. तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. मग काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात. नायट्रेटचं नायट्राइट, त्याचं नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी हवेतला साधा नायट्रोजन. हेच विनायट्रीकरण.

नायट्रेट ब्रॉथमध्ये, म्हणजे नायट्रेट घातलेल्या जिवाणूंच्या पोषक द्रवात, उलटी डरहॅम नळी (वायू अडकवणारी छोटी नळी) ठेवून चिखलाचं पाणी सोडलं. बुडबुडा आला, पण किण्वनाने, म्हणजे आंबण्यानेही, वायू निघतो, म्हणून मॅडमनी सुरुवातीलाच शेजारी बिननायट्रेटच्या नळ्या लावायला सांगितलं होतं. त्यांत बुडबुडा नव्हता, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

खरी परीक्षा रंगाची. सल्फानिलिक आम्ल आणि नॅफ्थिलअमाइन नायट्राइट असलं की लाल रंग देतात. ती घातल्यावर लवकर तपासलेल्या नळ्या लाल झाल्या, म्हणजे गाडी नायट्राइटपर्यंत आली होती. उशिरा तपासलेल्या नळ्यांत रंगच नाही. याचे अर्थ दोन: नायट्रेट तसंच पडून आहे, किंवा नायट्राइटही संपलंय. चिमूटभर जस्ताची भुकटी टाकायची. नायट्रेट उरलं असेल तर जस्त त्याचं नायट्राइट करतं आणि नळी लाल होते. मी श्वास रोखून पाहत होते. लाल झाली नाही!

तरी सगळं नायट्रेट वायूच झालं असं म्हणता येत नाही. अशा चिखलात काही जिवाणू नायट्रेटचा अमोनिया करतात, आणि तो नायट्रोजन तिथेच राहतो. शिवाय बुडबुड्यात नायट्रस ऑक्साइड किती, हे डरहॅम नळी सांगत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली आपल्याच पश्चिम किनाऱ्यालगतच्या पाण्यात तो मोठ्या प्रमाणात साचतो, हे दाखवलं.

म्हणून आता बंद बाटल्या लावल्यात. निम्म्यांत ॲसिटिलीन आहे, ते नायट्रस ऑक्साइडवरचा शेवटचा टप्पा अडवतं. साध्या बाटल्यांत किती नायट्रस ऑक्साइड सुटतो आणि ॲसिटिलीनच्या बाटल्यांत किती साचतो, हे गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचंय.