अडेल्फीच्या कमानीतला काळा: शिळाछाप अभ्यास, टप्पा दुसरा

फ्रेंच चित्रकार तेओदोर झेरिकोच्या ‘एन्ट्रन्स टू द अडेल्फी व्हार्फ’ या १८२१ च्या लंडनमधल्या शिळाछापावरून (लिथोग्राफ: तेलकट क्रेयॉनने दगडावर काढून छापलेलं चित्र) चाललेला अभ्यास आता रेखाटनापर्यंत आला आहे. दगड झोल्नहोफेनचा, करडा. कार्बोरंडमच्या ८०, १२०, १८० आणि २२० नंबरच्या भुकटीने, म्हणजे जाड्या कणांपासून बारीक कणांपर्यंत, घासून झाला. नंबर बदलताना दगडाबरोबर कडा आणि टेबलही धुवा. ८० चा एखादा कण मागे राहिला, की त्याचा ओरखडा छापात दिसतोच. कडा कानशीने गोल कराव्या लागतात, नाहीतर रोलरची शाई तिथे साचून किनारी काळ्या पडतात.

चित्रात पाठमोरे ओझ्याचे घोडे कमानीखालच्या अंधारात शिरताहेत. वर वास्तुकार ॲडम बंधूंनी बांधलेली श्रीमंती घरं, खाली थेम्सकाठचा कोळशाचा धक्का. न्यूकॅसलचा कोळसा समुद्रमार्गे लंडनला यायचा आणि पुढे असेच घोडे तो शहरात ओढायचे. त्याच काळात इंग्रज चित्रकार जेम्स पोलार्डच्या चित्रांवरून मेलकोचच्या (टपालाच्या घोडागाड्यांच्या) रंगीत ॲक्वाटिंट, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून काढलेले छाप, निघत होत्या: वेग, लाल डगले, तुकतुकीत घोडे. झेरिकोने मात्र लंडनच्या हलमंडेलच्या छापखान्यासाठी दगडावर कष्टाचं चित्र काढलं. म्हणून इथे सगळी मदार कमानीतल्या त्या काळ्या रंगावर आहे.

तो थरांनीच चढवायचा. कॉर्न कंपनीचा ५ नंबरचा कडक क्रेयॉन आधी, हलक्या हाताने, दिशा बदलत; मग ३, शेवटी १. सुरुवातीलाच मऊ १ दाबला तर दगडाचे दाणे (घासल्याने आलेला खरखरीतपणा) बुजतात आणि अंधार सपाट, मेलेला दिसतो. घोड्यांच्या पुठ्ठ्यांवर फक्त ५ आणि ४, चमकेच्या जागी कोरा दगड. सुईने खरवडणं अगदी शेवटी, कारण खरवडलेल्या जागी दाणा उरत नाही आणि क्रेयॉन पुन्हा नीट बसत नाही. तळव्याचं तेलही छापतं, त्यामुळे हात लाकडी पुलावरच, म्हणजे दगडावर आडव्या ठेवलेल्या फळीवर, टेकवा. आणि रेखाटन आरशातल्यासारखं उलटं, हे विसरू नका.

पुढे राळ आणि टाल्कची पूड लावून ॲसिड. ३० मिली अरबी गोंदात नायट्रिकचे थेंब: पुठ्ठ्यांसाठी ६, कमानीसाठी १५, दोन्ही वेगळ्या ब्रशने. जोर जास्त झाला तर फिके ठिपके जळतात; कमी पडला तर काही प्रतींनंतर अंधारातले पांढरे कण शाईने भरतात. नंतर टर्पेंटाइनने क्रेयॉनचा थर धुऊन, दगड ओला ठेवून शाई चढवायची. पहिल्या प्रती फिक्याच येतात. तेव्हा प्रेसचा दाब वाढवू नका, शाई पातळ थरांनी चढू द्या.