पैसे देऊन तोड

दुपारी संत्र्याच्या बगीच्यात आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारीतल्या फुलांवरच्या फळांची, तोड चालली होती. मी ढिगाशी नुसता बसून होतो. भाव ठरवणारे वेगळे, मोजणारे वेगळे, मला काम असं काही नव्हतं. तेवढ्यात तोडणाऱ्या बाईच्या पोरानं खालच्या फांदीचा एक संत्रा हिसकला आणि मुकादम तिकडून ओरडला, "ओढू नको बे! कापाचा असते तो!" फळ पोराच्या हातात आलं, देठाजवळची रुपयाएवढी साल झाडालाच राहिली. आमच्या नागपुरी संत्र्याची साल मुळात सैल, थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घातल्यासारखी. असं डोकं उघडं पडलेलं फळ कॅरेटमध्ये गेलं की बुरशी धरतं आणि शेजारच्या चार फळांनाही सोबत नेतं. म्हणून कैचीनं, देठ ठेवून कापायचं. पोरानं पुरावाच नष्ट केला. तिथेच सोलून खाल्लं.

मला मॅसॅच्युसेट्समधली ती पोरगी आठवली. पायात गमबूट, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून आम्हा हौशी मजुरांना समजावत होती: ओढू नका. सफरचंद तळहातात धरा, वर उचला, जरा फिरवा. तयार झालं असेल तर आपणच सुटेल. ओढलंत तर मागची आखूड काडी मोडते, आणि पुढच्या वर्षीचं फूल त्याच काडीवर यायचं असतं. आई शेजारी बसली होती. इंग्रजीचा गंध नाही, पण पोरीच्या हातांकडे बघून म्हणाली, "बरं सांगून रायली."

आई तेव्हा अमरावतीकडच्या आमच्या वरुडहून माझ्याकडे आलेली. नोकरीसाठी बोस्टनजवळ राहत होतो, आणि तिथे राहून ऑक्टोबरात सफरचंदं तोडायला गेलं नाही तर सोमवारी ऑफिसात लोक तब्येतीची चौकशी करतात. मेपलची लाल पानं, भोपळ्यांचे ढीग, फोटो, हे सगळं तुम्ही कोणाच्या ना कोणाच्या स्टेटसला पाहिलेलं आहे, ते सोडून देतो. स्टो आणि बोल्टनच्या बाजूला बगीचेच बगीचे. दारात रिकामी पिशवी विकत घ्यायची, आत जाऊन आपल्या हातानं भरायची.

आईला हे पचेना. "रिकाम्या थैलीचे पैसे?"

"त्यात सफरचंदांचे आले."

"अन् तोडाची मजुरी?"

"तोडतो तर आपणच."

"तेच विचारून रायली मी. आपल्याले कोन देते?"

शिवाय ट्रॉलीत कुटाराच्या, म्हणजे वाळल्या चाऱ्याच्या, गठ्ठ्यांवर बसून बगीच्याला चक्कर मारायचे पैसे वेगळे. लहानपणी कुटारानं भरलेल्या बंडीवर चढून बसलो म्हणून आजोबांच्या शिव्या खाल्ल्यात, बैलांना ओझं होतं म्हणून. हा हिशेब मी तिला सांगितला नाही.

पिशवीचं माप पेक. चार पेकचा एक बुशेल. आपली पायली तशीच ही धान्याची जुनी मापं, तिकडे फळांपुरती टिकून राहिली आहेत. एका पेकमध्ये साधारण साडेचार-पाच किलो सफरचंद बसतं. बसतं म्हणजे त्यांच्या हातानं. आईनं पिशवी भरली ती शीग लावून. मोठी फळं खाली, फटींत बारकी, आणि वर एकेक टेकवत असा डोंगर रचला की बाहेर पडताना गल्ल्यावरच्या बाईनं एकदा पिशवीकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि ती हसली. मापाला शीग लागतेच. तळहात फिरवून माप सपाट करणाऱ्या दुकानदाराला आमच्याकडे कोणी भला माणूस म्हणत नाही. मीही आजतागायत साखरेचा डबा सपाट भरू शकत नाही. झाकण लागत नाही, मुंग्या होतात, पण ते असो.

दोरी बांधून बंद केलेल्या पलीकडच्या ओळींत खरी तोड चालली होती. जमैकाहून हंगामापुरती आलेली माणसं, छातीवर टोपल्या, शिडीवर दोन्ही हात चालू. आमच्या बाजूला एवढा कलकलाट, तिकडे फक्त शिड्या सरकवल्याचा आवाज. आई बराच वेळ बघत राहिली. आमच्याकडे मेळघाटातून कोरकू आदिवासी येतात तोडीला, बिऱ्हाडासकट. "याइचे लेकरं कुठं असतीन?" एवढंच तिनं विचारलं. मला काय माहीत.

मग बाबांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ. व्हिडिओवर लाल पानं दाखवली, त्यांनी पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, फोन बुडाशी ने. झाडं एवढी बुटकी कशी, खुंट कोणता, ठिबक आहे का. मॅकिंटॉश जातीची जगभरची झाडं १८११ साली कॅनडात सापडलेल्या एकाच रोपाची कलमं, हे मी पाटीवर वाचून सांगितलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. शेंदूरजना घाटच्या नर्सऱ्यांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरताना बघत ज्याचं आयुष्य गेलं, त्याला कलमाचं काय कौतुक? ते चमकले थंडीला. या झाडांना हिवाळ्यात शेकडो तास कडक थंडी मिळाली नाही तर वसंतात धड फुलत नाहीत, असं म्हटल्यावर थोडे थांबून म्हणाले, "म्हणजे त्याइच्याकडे ताण देवच देते."

आमच्याकडे तो बाबा देत. बहार यावा म्हणून डिसेंबरात पाणी बंद. काळी जमीन, महिना-दीड महिना लागायचा. पानं आधी निस्तेज होत, मग दुपारची मान टाकत, मग काही गळत. भरली विहीर शेजारी आणि झाडं तहानलेली. आजीला ते बघवत नसे. घराजवळचं एक झाड तिनं आपलं मानलं होतं. भांडी घासली की मोरीचं पाणी बादलीनं त्याच्या बुडाशी, रोज. बाबा बघायचे आणि आपल्या आईपुढे बोलणार काय म्हणून गोठ्याकडे निघून जायचे. जानेवारीत ताण तोडला, पहिलं पाणी दिलं, की सगळा बगीचा पांढरा होई, वासानं रात्री झोप लागत नसे. आजीचं झाड तेवढं हिरवंगार, पानोपान. फूल शोधावं लागे. "माझ्यावर गेलं," आजी म्हणायची. तिच्या बोलण्याचा अर्थ मी कधी विचारला नाही.

२०१९च्या उन्हाळ्यात ताण कोणी दिला नव्हता. आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला, विहीर मार्चमध्येच तळाला, वरुड-मोर्शीत बोअर आठशे-हजार फुटांवर गेलेले. बाबांनी टँकर घातले, मग टँकरही मिळेनात. किती झाडं वाळली ते त्यांनी फोनवर सांगितलं नाही, किती उरली ते सांगितलं. मोरीजवळचं उरल्यांत नव्हतं. दिवाळीच्या आत वाळलेली झाडं कापून सरपणाच्या भावानं दिली.

त्याच ऑक्टोबरात तिकडे मित्रांनी पुन्हा गाडी काढली. मी गेलो. का नाही जायचं? सफरचंदं त्या वर्षी चांगली होती.