"मोहोर काळा पडतोय, काय मारू?"

आज रत्नागिरीतल्या आंबा बागायतदारांच्या बैठकीत हा सवाल आला नि लगेच चार औषधांची नावं सुटली. मोहोर पोपटी की फुललेला, पानांवर चिकटा (किडीनं सोडलेला गोड चिकट थर) आहे का, मागची फवारणी कशाची, हे कुणी विचारलंच नाही. चिकटा असेल तर तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे; काळी बुरशी त्यांच्या चिकट्यावरच चढते. चिकटा नाही नि फुलं करपलीत तर करपा हा बुरशीचा रोग, त्याचं औषधच वेगळं.

"कल्टार (मोहोर यावा म्हणून द्यायचं औषध) झाडाला किती?" हाही तसलाच अर्धा प्रश्न. आधी झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजा. मीटरला ३ मिली.

सांगणाऱ्यानंही बाटलीवरचं मोठं नाव नको, खालच्या बारीक अक्षरातला घटक नि १० लिटर पाण्याचं प्रमाण सांगावं. नाहीतर एकच घटक दोन नावांनी पाठोपाठ मारला जातो नि तुडतुडे दाद देत नाहीत.