शनिवारच्या मीटिंगला काय घेऊ, मॅडम?

शुक्रवारी संध्याकाळी माझा फोन हमखास वाजतो. "मॅडम, उद्या कबची मीटिंग आहे. पोरांना मजा आली पाहिजे आणि काहीतरी शिकायलाही मिळालं पाहिजे, अशा चार-पाच अॅक्टिव्हिटी सांगा की." कब-बुलबुल म्हणजे स्काउट-गाइडमधली धाकटी मुलं-मुली. 2024 मध्ये आनंददायी शनिवार, म्हणजे शनिवारी शाळेत खेळ-उपक्रम घ्यायचा सरकारी कार्यक्रम, आल्यापासून तर ज्यांचा कब-बुलबुलशी काही संबंध नाही असे शिक्षकही विचारायला लागलेत. मी यादी देत नाही, उलट त्यांनाच विचारते. पोरं किती? त्यांच्याबरोबर मोठी माणसं किती? फाटकाला कुलूप असतं का? मागच्या शनिवारी कडेला कोण बसलं होतं? एवढ्यावर समोरचा कंटाळतो. "बघतो मग मी," म्हणून फोन ठेवतो. मॅडम हातचं राखून ठेवतात, स्वतःचं कुणाला देत नाहीत, असं माझ्यामागं बोललं जातं हे मला ठाऊक आहे. त्याचं वाईट वाटतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली गोष्ट, यादी माझ्याकडं आहे. लाल पुठ्ठ्याची दोनशे पानी वही, कबच्या शिक्षकांच्या बेसिक कोर्सला गेले तेव्हापासून भरत आलेली. त्यात वस्तू बघून लक्षात ठेवायचा किम्स गेम आहे, रुमाल-पळवी आहे, गाठींच्या शर्यती आहेत, खुणांवरून माग काढायचा खेळ आहे. कुणीही घरी यावं आणि फोटो काढून न्यावेत. लपवण्यासारखं त्यात काहीच नाही. अडचण अशी आहे की त्या वहीवर विसंबून मी एकदा जे केलं, ते तुमच्या हातून व्हावं असं मला वाटत नाही.

2021 च्या पुरानंतरचा पावसाळा होता. सांगलीत राहणाऱ्याला पुराचं वेगळं सांगायला नको. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्यानं 57 फूट ओलांडले, 2021 ला परत पन्नाशी पार केली. इथलं दुसरीतलं पोरगंही चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका हे बेचाच्या पाढ्यासारखं सांगतं. त्या शनिवारी पाणी इशाऱ्याच्या बरंच खाली होतं, पण वाढत होतं.

तेव्हा माझ्या पॅकमध्ये, म्हणजे कबच्या गटात, चोवीस मुलं, सहा-सहांची चार षटकं, आणि मी एकटी. एका तासाला मी सात खेळ आखले होते. सात! एक संपतो न संपतो तोवर शिट्टी मारून दुसरा, म्हणजे पोरांना कंटाळा यायला वेळच नाही. तेव्हा मला याचा अभिमान वाटायचा. बाकीच्यांच्या मीटिंगमध्ये पोरं पेंगतात, माझ्याकडं बघा, असं मी बोलूनही दाखवायचे.

मैदानात चिखल होता म्हणून व्हरांड्यात खडूनं लांब रेघ ओढली आणि तळ्यात-मळ्यात सुरू केलं. तिसरीतला एक मुलगा दुसऱ्याच हाकेला चुकला. मी मळ्यात म्हटलं, तो तळ्यातच उभा. "आऊट. जा, बस तिकडं." तो जाऊन पायरीवर बसला. त्यानंतर संगीत खुर्ची झाली, त्यातही तो लवकर गेला. मग डोंगराला आग लागली हा खेळ. माझं सगळं लक्ष उरलेल्यांकडं, कारण चुरस तिथं होती. नंतर घरी बसून मी हिशेब मांडला. सातांपैकी चार खेळांत हरणं म्हणजे बाजूला बसणं होतं. त्या तासात त्याच्या वाट्याला खेळायला फार तर चार मिनिटं आली असतील.

पोषण आहाराचा तांदूळ उतरवायला टेम्पो आला होता, त्यामुळं फाटक उघडं होतं. गाठींच्या शर्यतीला षटकं उभी केली, तेव्हा तांबड्या षटकाचा नायक म्हणाला, "बाई, आम्ही पाचच आहे." मी म्हटलं, लघवीला गेला असेल. हे मी म्हटलं, आणि शर्यत घेतली. पूर्ण घेतली. पहिला नंबर कुणाचा तेही जाहीर केलं. लोकांना सांगताना हे मी आजवर वगळत आले, म्हणून इथं लिहितेय.

मग शोधाशोध. मुतारी, पाण्याच्या टाकीमागं, बंद वर्ग. मुलं दुसऱ्या बाईंच्या ताब्यात दिली, शिपाईमामा सायकलवर एका बाजूला गेले, मी स्कूटीवर नदीकडं. नदीकडंच का, ते तेव्हा कळलं नाही; सांगलीत पावसाळ्यात पोरगं दिसेना झालं की दुसरीकडं मनच जात नाही. रस्त्यात काय दिसलं, कोण भेटलं, काही आठवत नाही. कुठल्या तरी वळणाला लावलेला इंडिकेटर शेवटपर्यंत टिकटिकत होता, एवढंच आठवतं.

घाटाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर तो उभा होता. गळ्यात स्कार्फ, अंगावर गणवेश, पाठ माझ्याकडं. पाण्याकडं बोट करून काहीतरी पुटपुटत होता. मी मागून जाऊन त्याचा दंड धरला. त्यानं वळून बघितलं आणि घाबरायच्या ऐवजी मला बातमी दिली: "बाई, अकराच राहिल्यात. काल चौदा हुत्या." घाटाच्या पायऱ्या. पाण्याच्या वर किती उरल्यात ते तो मोजत होता.

मी ओरडले. भर रस्त्यात, लोक बघत असताना. "तुला बस म्हणून सांगितलं होतं ना?"

"मी आऊट झालतो की," तो म्हणाला.

शाळेत आणून बाकावर बसवल्यावर त्याची बाही वर सरकली आणि दंडावर माझी चार बोटं दिसली. लालभडक. मी पोराला मारलं नव्हतं, हे मी त्या दिवशी मुख्याध्यापकांना तीनदा सांगितलं. कुणी विचारलं नसताना सांगितलं.

त्याच्या आईला बोलावून घेतलं. ती अडत दुकानात हळद निवडायला जाते, कामावरून तशीच आली होती, कोपरापर्यंत पिवळी. ती भांडेल म्हणून मी तयारीत होते. ती भांडली नाही. पोराचा दंड बघितला आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिली. तिच्या हाताची हळद त्याला लागली. मग म्हणाली, "रोज जातोय त्यो. साळंत यायच्या आधी पायऱ्या मोजतोय. तुमास्नी बोलला न्हाई व्हय?"

नव्हता बोलला. बोलायला मी जागा कुठं ठेवली होती? तासाला सात खेळ!

जाताना तिनं शाळेच्या नळावर हात धुतले. वडीवरचा साबण लावला तशी पिवळी हळद एकदम लाल झाली, लाल फेस तिच्या मनगटावरून ओघळला. चार-पाच पोरं तिथं घोळक्यानं उभी होती. "काकू, रक्त!" एक ओरडलं. ती म्हणाली, "रगत न्हवं रं, हळद हाय. साबणानं अशीच व्हतीया." पोरं हलायला तयार होईनात.

तुम्ही ज्याला अॅक्टिव्हिटी म्हणता ती मला त्या नळावर मिळाली. चमचाभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये किंवा कढत पाण्यात कालवायची, टिपकागदावर फासायची, पंख्याखाली वाळवायची आणि पट्ट्या कापायच्या. पट्टीवर साबणाचं पाणी टाकलं की लाल, राखेची निवळी टाकली की लाल, चुन्याची निवळी टाकली की लाल. त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळी. मग विचारायचं, घरी हळद आणि चुना एकत्र करून काय करतात? कुणाची तरी आजी कुंकवाचं सांगून गेलेली असतेच. षटकातल्या सहाही पोरांच्या हाताला काम मिळतं: एक कालवतो, एक फासतो, एक कापतो, दोघं थेंब टाकतात, एक वहीत रंग लिहितो. यात आऊट कुणी होत नाही. सांगलीत हळदीला तोटा नाही, आणि ज्यांच्या आया हळदीत राबतात ती पोरं त्या दिवशी पुढं येऊन सांगतात. गाठींचंही तसंच. निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक मी फळ्यावर काढून दाखवत होते, तेव्हा गोठा असलेल्या घरातल्या एकानं दोरी घेऊन बाकाच्या पायाला दाव्याची गाठ मारून दाखवली. माझ्यापेक्षा भराभर. आता ते तोच शिकवतो.

पण एवढं ऐकून "म्हणजे मॅडम, हळदीचा प्रयोग घेऊ ना?" असं म्हणू नका. एकांनी तो घेतला. साठ मुलं, एक वाटी हळद, प्रयोग टेबलावर सर करणार आणि मुलं बघणार. तो तळ्यात-मळ्यातपेक्षा वाईट. तळ्यात-मळ्यातमध्ये निदान सुरुवातीला तरी सगळे आत असतात.

मी संख्येवर का अडून बसते, तेही सांगते. 1907 मध्ये स्काउट सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनी इंग्लंडातल्या ब्राउन्सी बेटावर पहिला कॅम्प घेतला तो वीसेक मुलांचा, आणि तीही छोट्या-छोट्या तुकड्यांत वाटलेली. पुढं 1916 ला कब सुरू झाले, कारण धाकटे भाऊ मोठ्यांच्या मागं लागायचे, आम्हालाही घ्या म्हणून. आत घ्या म्हणणाऱ्यांसाठी ही सगळी मांडणी झाली. सहांचं षटक उगीच नाही. एका नायकाला पाच जण नजरेत ठेवता येतात. आमच्या नायकानं तेच केलं होतं, त्यानं मला पाच म्हणून सांगितलं होतं.

आता दुसरी बाजू. माझ्याआधीपासून पॅक चालवणारे एक ज्येष्ठ सर आहेत. ते म्हणतात, "हरायची सवय लागायला नको का? आऊट होऊन गप बसणं हेही शिक्षणच आहे. तुम्ही पोरांना कापसात ठेवताय." मी आधी हेच म्हणायचे, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. आजही ते पूर्ण चूक आहेत असं छातीठोक सांगता येत नाही. मुलं स्वतःच तळ्यात-मळ्यात मागतात. घेतलं नाही तर मधल्या सुट्टीत आपलं आपण खेळतात आणि एकमेकांना माझ्यापेक्षा निष्ठुरपणे आऊट करतात. मी एक तोडगा काढला होता: जो आऊट होईल त्यानं पुढची हाक द्यायची. दोन शनिवार छान चाललं. तिसऱ्या शनिवारी हाक द्यायला मिळावी म्हणून पोरं मुद्दाम चुकायला लागली आणि खेळाची चवच गेली. अजून त्यावर काही सुचलेलं नाही.

आणि तो मुलगा तर रोज जात होता. मी खेळ न घेता गोष्ट सांगितली असती तरी फाटक उघडं दिसल्यावर तो गेला नसता कशावरून? त्याच्या मनात पाणी होतं, माझा खेळ नव्हता. हे मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय. रात्री पटतं, शनिवारी सकाळी पटत नाही.

त्याच्यासाठी म्हणून मी एक केलं, तेही सांगते, कारण ते फसलं. 57 फूट दोरी मोजून हॉलमध्ये पसरली आणि तिच्याकडेनं पोरांना एकापुढं एक झोपवलं. साधारण चार फुटांची पोरं, चौदा लागली. मोजमाप शिकवायला याहून चांगलं काही नाही असं मला वाटत होतं. तो खूश होता, दोरीच्या टोकापर्यंत पळत जाऊन आला. पण ओळीतली एक मुलगी उठून रडायला लागली. त्यांचं घर 2019 ला गेलं होतं. मी दोरी गुंडाळली. एकाला जे मोजून धीर येतो, ते दुसऱ्याला मोजलेलं सोसत नाही, आणि पॅक तर एकच. त्या दोरीचं पुढं काय करायचं, तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर मला फोन करा. खरंच करा.

आणखी एक राहिलं. मीटिंगचा अहवाल मी आदल्या रात्रीच रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचे, शनिवारी घाई नको म्हणून. त्या दिवसाच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: "उपस्थिती 24. सर्व खेळ उत्साहात पार पडले." नंतर तपासणी झाली, त्या पानावर सही-शिक्का झाला. मी ते खोडलं नाही. खोडायचं होतं की खाली खरं लिहायचं होतं, ते ठरवता आलं नाही. आता अहवाल मीटिंग झाल्यावर लिहिते, आणि शेवटी कंसात त्या दिवशी सर्वांत कमी बोललेल्या पोराचं नाव. पुढच्या शनिवारची सुरुवात त्याच्यापासून.

म्हणून मी फोनवर आधी प्रश्न विचारते. उत्तरं द्या, मग वहीतलं काय हवं ते सांगते, तासभर बसून सांगते.

या शनिवारी आमच्याकडं हळदीचा कागद आहे. तेवीस येतील, एकाला कांजिण्या आल्यात. पावसात टिपकागद वाळत नाहीत, म्हणून शुक्रवारीच फासून पंख्याखाली ठेवणार आहे. फाटकाची किल्ली शिपाईमामांकडून मी मागून घेतलीय.